पिंजर नसलेला नारळ

ती घटना मी विसरलो असेन असं ज्याला वाटतं, त्याने माझ्या अंगणात येऊन बसावं. पहिल्या टेलिफोनपासून शेवटच्या सहीपर्यंत सगळी सांगेन. गुडघे गेले, पण डोकं जाग्यावर आहे.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. माझ्या वर जे साहेब आले ते सगळे पदवीवाले. त्यांच्यातल्या कोणाचं मी वाईट बोलणार नाही. पण माझ्या पंचनाम्याची ओळ त्यांच्यातल्या कोणाला खोडावी लागली नाही, हेही लिहून ठेवतो. इथे नाव कोणाचंच घालणार नाही, ठाण्याचंही नाही. मालवणच्या किनाऱ्यावरचं एक ठाणं, एवढं पुरे. यातली माणसं अजून मासळीबाजारात भेटतात.

आमच्या जिल्ह्यात वाडीगणिक एक तरी फौजी सापडतो. एका पलटणीचे निवृत्त जवान दरवर्षी पलटणीच्या स्थापनेचा दिवस साजरा करतात. त्याला ते बॉल म्हणतात. नाव इंग्रजांच्या वेळचं, त्यांनी सोडलं नाही. काळे कोट, छातीवर पदकं, बेळगावहून आणलेला बँड. कर्नलसाहेब, तेही निवृत्तच, मेमसाहेबांना घेऊन पहिला नाच नाचतात. मग सुभेदार, हवालदार आपापल्या बायकांना हाताला धरून उठवतात. बायका जरीच्या साडीचा पदर तोंडाला लावून हसतात, नको नको म्हणतात आणि मग चांगल्या नाचतात. मी बंदोबस्ताला असायचो. पहिल्या वर्षी मलाही हसू आलं होतं. मग मी ती खुर्ची बघितली.

सभागृहात समोरच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवतात. तिच्या पाठीला एक काळपट हिरवा कोट घालतात, पदकांसकट. पुढ्यात रमचा एक ग्लास भरतात. कर्नलसाहेब उभे राहून त्या कोटाच्या मालकाचं नाव घेतात, सगळे ताठ उभे राहतात, आणि मगच बँड सुरू होतो. कोटाचा मालक पलटणीत नायक होता, आपल्याच किनाऱ्यावरचा. बर्फातल्या एका चौकीवर कामी आला. त्याच्या वडिलांनी कोट पलटणीच्या हवाली केला होता. वर्षभर तो सभागृहामागच्या खोलीत काचेच्या कपाटात टांगलेला असायचा. कोटाशिवाय बॉल सुरू होत नाही, हा त्यांचा कायदा.

त्या वर्षी बॉलच्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. कर्नलसाहेब स्वतः बोलत होते. कोट गेला.

आम्ही गेलो. आमचे साहेब तरुण, घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. कपाट उघडं होतं, खोलीच्या दाराचं कुलूप मोडलेलं नव्हतं, हँगर रिकामा. आणि कोटाच्या जागी, कपाटाच्या फळीवर, एक सोललेला नारळ, शेंडी ठेवलेला, आणि शेजारी पानाचा विडा.

खोलीत जमलेले सगळे गडी लढाईला गेलेले. पण नारळ बघून एकही पुढे होईना. एक सुभेदार हळूच म्हणाला, ही करणी आहे, पलटणीवर कोणीतरी केलंय. दुसरा म्हणाला, हात लावू नका. आमचे साहेब मला बाजूला घेऊन विचारायला लागले की जादूटोण्याचं कलम लावायचं का. मी म्हटलं, साहेब, आधी पंचनामा करू. दोन पंच बोलावले, रायटरने लिहून घेतलं, पंचांनी सह्या केल्या. नारळ आणि विडा मी स्वतः पिशवीत घातला. बाकी कोणी घालायला तयारच नव्हतं.

कर्नलसाहेबांना बॉलच्या दिवशी पेपरात बातमी नको होती. साहेबांनी म्हणून संध्याकाळपर्यंत नुसता अर्ज घेतला, गुन्हा दाखल करायचं राखून ठेवलं. पण कर्नलसाहेबांनी एक गोष्ट सगळ्यांच्या समोर सांगितली. खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असते, तो म्हणजे पलटणीचा लांगरी. लांगरी म्हणजे स्वयंपाकी. निवृत्तीनंतरही बॉलचं जेवण तोच करायचा आणि सभागृहही तोच सांभाळायचा. सहा वाजेपर्यंत कोट आला नाही, तर लांगऱ्याचं नाव पलटणीच्या यादीतून काढायचं आणि ते बँडसमोर वाचून दाखवायचं. जो माणूस चोवीस वर्षं त्या पलटणीसाठी चुलीपुढे उभा राहिला, त्याला फाशी परवडली असती. लांगरी तिथेच उभा होता, हाताला खवलेल्या ओल्या खोबऱ्याचा चव लागलेला. 

तेवढ्यात खबर आली. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याने माझ्या कानाला लागून सांगितलं की आदल्या दिवशी उतरत्या उन्हात लांगरी बाजारात सोलं, म्हणजे आमसुलं, घेत होता, आणि त्याच वेळी सभागृहामागच्या त्या खोलीचं दार सताड उघडं होतं. म्हणजे किल्ली लांगऱ्याच्या खिशात नव्हती. कोणाच्या तरी हातात होती.

लांगऱ्याला ठाण्यात आणला. बॉलचा दिवस म्हणून त्याने सकाळीच शर्टावर पदकं लावली होती. ठाण्याच्या बाकावर ज्याला बसवतो त्याच्या अंगावर टाचणी, पट्टा काही ठेवायचं नसतं, असा नियम. ती पदकं मी माझ्या हाताने काढली आणि पाकिटात घातली. तो हलला नाही, फक्त मान वर करून भिंतीकडे बघत राहिला. दारात अर्जवाली माणसं उभी होती, ती बघत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नियम तो नियम.

मी त्याला दोन तास विचारलं. कडक विचारलं, गोड विचारलं, चहा देऊन विचारलं. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो. हा उत्तरच देत नव्हता.

"किल्ली कोणाकडे दिलेलंस?"

"किल्ली माझी जबाबदारी."

"नारळ कोणी ठेवलो?"

यावर गप्प. पण नारळाचं नाव काढलं की त्याची नजर खाली जायची, आणि ती घाबरलेल्या माणसाची नजर नव्हती. मला वाटलं, हाच चोर किंवा चोराचा सोबती. मी त्याला तसं म्हटलंही. पलटणीचं मीठ खाऊन पलटणीचा कोट विकलास का, असं म्हटलं. तेव्हा फक्त एकदा त्याचे ओठ हलले.

"सायबानू, तुम्ही काय्येक म्हणा. मी शपथ मोडूचंय नाय."

कसली शपथ, ते काही सांगेना.

वैतागून मी मुद्देमालाकडे वळलो. नारळाला लेबल लावून लाखेचं सील मारायचं होतं. लेबलावर वर्णन पंचनाम्याप्रमाणे लिहावं लागतं, म्हणून पंचनामा पुढ्यात घेतला. रायटरने लिहिलं होतं, 'सोललेला नारळ एक, शेंडी असलेला, त्यावर हळद-पिंजर लावलेली.' पिंजर म्हणजे कुंकू. मी तेच लेबलावर उतरवणार, एवढ्यात नारळ हातात फिरवून बघितला. पिंजर नव्हती. हळदही नव्हती. कपडा फिरवल्यासारखा कोरडा नारळ.

रायटरने सवयीने लिहिलं होतं. आमच्याकडे देवापुढचा नारळ म्हटला की त्याला पिंजर असणारच, हात आपोआप लिहितो. दोन पंचांनी सवयीने सह्या ठोकल्या होत्या. साहेबांनी वाचलं, मी वाचलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. करणी करणारा तर पिंजर, गुलाल, लिंबू, सगळा बाजार मांडतो.

मी बाप गेल्यावर आईच्या हाताखाली वाढलो. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवायचा असला की माझी आई शेजारच्या काकीला हाक मारायची, "गो, जरा पिंजर लाव." स्वतः लावायची नाही. तिच्या काळातल्या विधवा बाईने पिंजरीला हात लावायचा नाही, अशी रीत. काकी घरात नसली की आई नारळ तसाच ठेवायची. कोरडा. शाळा मी सातवीपर्यंत केली, पण हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं.

म्हणजे नारळ ठेवणारी बाई, आणि विधवा. आणि ती चोरी करायला आली नव्हती. आमच्याकडे प्रत्येक जाग्याला राखणदार असतो. त्याच्या जागेतून काही उचलायचं तर त्याला नारळ ठेवून, सांगून उचलायचं. चोर कधी कोणाला सांगून नेत नाही. मग नारळाची शेंडी उलगडून बघितली. आत एक वाळलेलं खवल अडकलेलं होतं, सुरमईचं नव्हे, पेडवा या बारीक मासळीचं. मासळीवालीचा हात.

बॉलला मासळी कोण देतं ते विचारायला मी मासळीबाजारात गेलो. साध्या कपड्यात, पण बाजारातल्या बायकांना पोलीस पायांवरून कळतो. एक म्हणाली, "काय जमादारानू, सुरमय होयी की माणूस?" मी म्हटलं, माणूस. जी बाई सभागृहाला मासळी द्यायची तिची जागा रिकामी होती. टोपली सकाळीच शेजारणीच्या हातून पाठवलेली. ती आज कुठे आहे विचारलं, तर शेजारीण हातातला कोयता न थांबवता म्हणाली,

"ती आज बसना नाय बाजारात. आज तिचो घोव बॉलाक येता नाय?"

बाकीच्या हसल्या. मी हसलो नाही. घोव म्हणजे नवरा, आणि विधवेचा जो नवरा बॉलला येतो तो एकच, खुर्चीवरचा.

तिचं घर तारकर्लीच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला. माडांच्या सावलीत शेतातल्या मांगराएवढं घर, पुढ्यात शेणाने सारवलेलं लख्ख खळं. ती ओटीवर बसली होती, मांडीवर तो काळपट हिरवा कोट. पदकं समोर एका पितळी ताटात काढून ठेवलेली. मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. तिने मान वर केली नाही.

"बसा. पाय बघून ठेवा, हंय सुयो पडल्यो आसत."

मी बसलो. कोटाच्या कोपराला कसरीने भोक पाडलं होतं. ते तिने जाळं सांधतात तसं उभं-आडवं भरून काढलं होतं. आत अस्तराची एक बाजू नवीन लावली होती. चांगलं काम. मी म्हटलं, बाय, हा कोट चोरीला गेलाय म्हणून सगळं गाव धावतंय.

"चोरी कसली सायबानू? राखणदाराक नारळ ठेवलंय, गाऱ्हाणां घातलंय आणि मगे न्हेलंय."

"काय गाऱ्हाणं घातलंस?"

तिने सुई थांबवली आणि देवळात म्हणतात तसं सुरात म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, माझ्या घोवाचो कोट तेच्या घराक न्हेतंय. उद्यां सांजेक जाग्यार हाडून ठेवतंय. वाटेत कोण आडवो येवं नको रे म्हाराजा."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "होय म्हाराजा." पोलीस असूनही निघालं. लहानपणापासूनची सवय.

मग तिने सांगितलं ते मी थोडक्यात लिहितो. नवरा गेल्यावर सासरी तिला कोणी ठेवून घेतलं नाही. ती माहेरी आली, टोपली डोक्यावर घेतली. पलटणीच्या रेकॉर्डला मात्र सासरचा पत्ता. बॉलची पत्रिका दरवर्षी त्या पत्त्यावर जायची. सासरा मेला, घराला कुलूप लागलं, पत्रिका परत यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पत्त्यावर जायची. फौजेत रेकॉर्ड म्हणजे वेद. आणि जिच्या नवऱ्यासाठी शंभर माणसं ताठ उभी राहायची, ती मागच्या दाराने मासळी टाकून जायची. जाताना खिडकीतून खुर्ची बघायची. एवढाच तिचा बॉल.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस कोणाला?

"पयल्या वर्सा गेललंय. दारार एक बसललो, म्हणालो, यादीत नाव नाय."

"परत विचारायचं."

"एकदा विचारूचां. दोनदा विचारलां तर ती भीक जाता."

 मीही तसाच आहे.

पलटणीत हे सगळं एकट्या लांगऱ्याला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी त्याने तिला खिडकीशी बघितलं, विचारलं, आणि तिने त्याला पलटणीची शपथ घातली की साहेबांना सांगायचं नाही. तेव्हापासून तो मागच्या खोलीची किल्ली तिच्यासाठी खिळ्याला ठेवायचा. मासळी बर्फात ठेवायची आणि दोन मिनिटं कोटासमोर उभं राहायचं, एवढ्यासाठी. त्या वर्षी त्याने सहज तिला सांगितलं की जुन्या कोटाला कसर लागली, तो पेटीत टाकणार आहेत, पुढच्या वर्षी खुर्चीवर बेळगावहून शिवलेला नवा कोट येणार.

"मगे माका सांगा," ती म्हणाली, "नव्या कोटात कोण बसतलो? तो कोट तेच्या आंगाक लागललो आसा?"

म्हणून तिने नेला. भोक बुजवलं की कोणी तो बदलणार नाही, असा तिचा हिशेब. संध्याकाळी मासळीच्या भांड्यांसोबत परत ठेवणार होती.

मी सांगितलं की लांगरी सकाळपासून ठाण्यात आहे आणि सहा वाजता त्याचं नाव पलटणीतून निघणार आहे. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघती झाली.

"तेका कित्या? तेना काय केलां?"

"काय बोलत नाय, म्हणून."

तिने दोरा दाताने तोडला. कोट धुतलेल्या चादरीत गुंडाळला, पदकांचं ताट माझ्या हातात दिलं आणि चालू लागली. मी जीपमध्ये बस म्हटलं तर बसली, पण कोट मांडीवर धरून, सीटला लागू दिला नाही. सभागृहात जाऊ म्हटलं तर म्हणाली, आधी ठाण्यात.

ठाण्यात लांगरी त्याच बाकावर. ती समोर उभी राहिली.

"सांगूचां होतां मरे."

"शपथ घातललंस तू," तो म्हणाला.

एवढंच दोघांचं बोलणं. तेवढ्यात कर्नलसाहेब आले, आमच्या साहेबांनी फोन केला होता. मी त्यांना उभ्यानेच सगळं सांगितलं. नारळ, पिंजर, गाऱ्हाणं, परत येणाऱ्या पत्रिका. माझं मराठी त्यांना जरा अवघड जात होतं, पण मी मुद्दाम हिंदी केलं नाही. ते खुर्चीवर बसले. बराच वेळ कोटाच्या कोपराकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, आम्ही रेकॉर्ड बघितलं. घर नाही बघितलं."

ती म्हणाली, "कोटाक गरम इस्त्री लावू नको म्हणान सांगा. अस्तर पातळ आसा."

पदकं परत लावायची तर क्रम तिला ठाऊक नव्हता. लांगऱ्याने कोट मांडीवर घेतला आणि एकेक पदक जाग्यावर लावलं. ते झाल्यावर मी पाकीट उघडलं आणि त्याची पदकं त्याच्या शर्टाला लावायला गेलो. मी काढली तर मीच लावावी, असं मनात होतं. लावून झाली, त्याने छातीकडे बघितलं.

"उलटी लावलात सायबानू. त्या कोटार बघून लावा."

मी कोटाकडे बघून पुन्हा लावली. ठाणे दैनंदिनीत नोंद मीच सांगितली. 'सदर कोट घरच्या माणसाने दुरुस्तीसाठी घरी नेला होता. कोट जाग्यावर आला. कोणाविरुद्ध तक्रार नाही.' साहेबांनी वाचलं. ओळ खोडली नाही.

राहिला नारळ. ज्याची वस्तू त्याला परत द्यायची म्हणून मी तो तिच्यापुढे धरला. तिने हात मागे घेतला. ठेवलेला नारळ परत घ्यायचा नसतो. मग तो सभागृहाच्या दारात फोडला, आणि सकाळी जे त्याला शिवत नव्हते त्या सगळ्या पदकवाल्यांनी खोबऱ्याचा एकेक तुकडा खाल्ला. करणी म्हणणाऱ्या सुभेदाराने दोन खाल्ले.

त्या संध्याकाळी खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची लावली होती. ती तिथे बसली, बाजारातल्याच धुतलेल्या लुगड्यात. कर्नलसाहेबांनी नाव घेतलं, सगळे उभे राहिले, तिला वाटलं आपणही उठायचं, म्हणून तीही उठली. बँड सुरू झाला, जोडपी नाचायला लागली. ती नाचाकडे बघत नव्हती. तिचा हात कोटाच्या कोपरावर होता, सांधलेल्या जागेवर, आणि बोट त्या विणीवरून फिरत होतं. शिवण नीट बसली की नाही ते बघत असेल. मी तरी तसंच समजलो.

आता या घटनेने मला काय शिकवलं, ते लिहायला हवं. पिंजर मी ओळखली, ही माझी हुशारी मी पुष्कळदा सांगितली आहे, आणि ती खरी आहे. जे समोर नाही तेही पंचनाम्यात दिसायला हवं. पण त्याच दिवशी माझ्यासमोर दोन तास एक प्रामाणिक माणूस बसला होता आणि तो मला दिसला नाही. त्याच्या गप्पपणाला मी गुन्हा समजलो. गप्प राहायला काय लागतं, हे मला कळायला हवं होतं. ज्याच्या घरात निमूट कोरडा नारळ ठेवणारी आई होती, त्याला तर नक्कीच.

चुकलो, असं मी लांगऱ्याला कधी तोंडाने म्हटलं नाही. मला ते जमत नाही. मी निवृत्त झालो, तोही थकला. पण दरवर्षी बॉलच्या सकाळी तो माझ्या अंगणात येतो, रुमालात बांधलेली पदकं माझ्या हातात देतो आणि ताठ उभा राहतो. मी लावतो. आता उलटी लागत नाहीत.